गाडी मित्राची, ट्रक परक्याचा: अपघाती मृत्यूचा क्लेम कुणावर, कुठे आणि किती

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका धाकट्या भावाचा आहे. त्याचा ३४ वर्षांचा दादा बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होता. रात्री मित्राच्या कारमधून कोल्हापूरहून परतताना तवंदी घाटात बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकला कार मागून धडकली. दादाला परत कोल्हापूरला नेलं, दोन दिवसांनी तो गेला. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि आई-वडील. फिर्याद कन्नडमध्ये लिहिलेली, घरच्यांनी न वाचता सही केलेली, आणि तीत सगळी चूक मित्राची दाखवलेली. ट्रक कोल्हापूर पासिंगचा. आता एक जण सांगतो, "५ लाख मिळतात, सही करा आणि मोकळे व्हा." दुसरा सांगतो, केस कोल्हापुरातच घालावी लागेल. आणि घरच्यांचं म्हणणं, मित्रावर केस घालायला मन धजत नाही. अपघाताला चार महिने होऊन गेलेत.

बेळगाव आणि आजूबाजूच्या तालुक्यांच्या कोर्टांत मी बरीच वर्षं असे क्लेम चालवतो. तुमच्या घरात अजून कुणी सावरलेलंही नसेल, याची मला कल्पना आहे. तरी आधी तारखेचं बोलतो, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी नंतर दुरुस्त करता येतात, हुकलेली तारीख येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ (३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. १९९४ नंतर अशी मुदतच उरली नव्हती, म्हणून गावाकडे अजून "क्लेम काय, कधीही घालता येतो" असं सर्रास बोललं जातं. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. मोजणी अपघाताच्या रात्रीपासून करा, मृत्यूच्या तारखेपासून नको. चार्जशीट यायची आहे, वंशावळीचा दाखला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) अडकलाय, अशा कारणांसाठी थांबू नका. हातात आहेत त्या कागदांवर अर्ज दाखल होतो, उरलेले पुढे हजर करता येतात. पोलिसांनी अपघाताची पहिली खबर ४८ तासांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला, द्यायची आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा, असा २०२२ चा नियम आहे, आणि पोलिसांचा अहवालच अर्ज म्हणून धरण्याची सोयही कायद्यात आहे. सोय चांगली आहे, पण मी माझ्या कुठल्याच पक्षकाराला तिच्यावर विसंबू देत नाही. आपला अर्ज आपण घालायचा आणि आपला एमव्हीसी नंबर, म्हणजे क्लेमच्या केसचा नंबर, आपल्या हातात ठेवायचा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंय, मित्रावर केस घालावी का. कोर्टात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो: दादाच्या मृत्यूला कोण कोण जबाबदार आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या मागे विमा कंपनी उभी आहे?

दादा गाडी चालवत नव्हता. बसलेल्या माणसाची चूक नसते, त्यामुळे त्याच्या वारसांच्या भरपाईतून "तुमचीही थोडी चूक" म्हणून काही कापता येत नाही. दोन गाड्यांच्या मिळून झालेल्या चुकीत तिसरा माणूस गेला, तर त्याचे वारस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे उद्या ट्रिब्युनलने कारची चूक ७० टक्के आणि ट्रकची ३० टक्के धरली, तरी तुम्ही सगळी रक्कम ट्रकच्या विमा कंपनीकडून मागू शकता. आपापसातला हिशोब त्यांनी नंतर करावा.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग मित्राला बाजूला ठेवून फक्त ट्रकवाल्यावर घालूया. हा विचार चांगुलपणातून येतो, पण धोक्याचा आहे. तुमची फिर्याद काय म्हणते ते आठवा. मागून धडकणाऱ्यावर गुन्हा, हा पोलिसांचा नेहमीचा शिरस्ता. चार्जशीट मित्राच्या एकट्याच्या नावावर आली आणि ट्रिब्युनलने तीच बाजू मान्य केली, की ट्रकच्या कंपनीवरचा अर्ज फेटाळला जाईल आणि कारचा मालक व कंपनी समोर नसल्यामुळे तुमच्या हाती काहीच राहणार नाही. म्हणून दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या, सगळ्यांना पहिल्या दिवशीच अर्जात घ्या.

मित्राला यात काय सोसावं लागेल, हे त्याच्या पॉलिसीवर अवलंबून आहे, आणि इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पॉलिसीची प्रत मागा. कार त्याच्या वडिलांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल, तर मालक म्हणून तो माणूसही अर्जात येईल. पॉलिसी पॅकेज असेल, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तर खाजगी कारमध्ये बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे आणि बालकृष्णन प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच मानलं. तसं असेल तर मित्राचं नाव अर्जात असलं तरी पैसे कंपनी भरणार. पण पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल, तर आत बसलेला माणूस तीत येत नाही, जादा प्रीमियम भरून घेतला असेल तरच येतो. मग कारच्या वाट्याचा बोजा मित्रावर आणि मालकावर पडू शकतो. तुम्ही सगळी रक्कम ट्रकच्या कंपनीकडून घेतली, तरी ती कंपनी कारचा वाटा पुढे त्यांच्याकडून मागू शकते.

अशा वेळी ट्रकची चूक किती सिद्ध होते यावर सगळं येऊन ठेपतं. तुमच्या कुटुंबासाठी आणि त्या मित्रासाठीही. म्हणून या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त धावपळ मी ट्रकच्या पुराव्यासाठी करायला सांगेन.

पोलिसांकडून घटनास्थळाचा पंचनामा आणि त्याच्यासोबतचा नकाशा घ्या. इकडच्या कागदांत त्याला महजर म्हणतात. नकाशा नीट पाहा. ट्रक डांबराच्या कडेला पूर्ण उतरवला होता की त्याची मागची चाकं लेनमध्ये होती? रस्त्याच्या काठापासूनचं अंतर लिहिलंय का? कारच्या ब्रेकच्या खुणा दाखवल्यात का, आणि असतील तर किती लांबीच्या? घाटात बंद पडलेल्या गाडीमागे आपल्याकडे ड्रायव्हर दगड मांडतात, झाडाची फांदी खोचतात. त्यातलं काही होतं का? लाल त्रिकोण होता का? मागचे रिफ्लेक्टर जागेवर होते की चिखलाने झाकलेले? गाडी तपासणीचा आयएमव्ही रिपोर्ट टेललाइटबद्दल काय म्हणतो? धोका होईल अशा जागी गाडी उभी करणं कलम १२२ खाली मुळातच मना आहे. २०१८ च्या अर्चित सैनी प्रकरणात रस्त्यावर दिव्याविना उभ्या असलेल्या टँकरवर कार आदळली होती. तिथे कारवाल्याची चूक धरायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण तो निकाल तिथल्या साक्षीपुराव्यावर उभा आहे. आपल्याकडे तसा पुरावा हवा, नुसतं निकालाचं नाव सांगून भागत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. तो ट्रक बेळगावच्या दिशेनेच येत असेल, तर कोगनोळी टोलनाक्यावरून गेला असणार. फास्टॅगमध्ये त्याची वेळ नोंदलेली असते. तुमच्या मित्राच्या कारचीही असते. समजा ट्रक रात्री नऊला टोल ओलांडून गेला आणि अपघात साडेबाराला झाला, तर तो ट्रक तासनतास त्याच चढावर उभा होता, हे आकडेच बोलतात. "नुकताच बंद पडला होता, दिवे लावायला वेळच मिळाला नाही" हा बचाव मग टिकत नाही. अशा नोंदी आणि टोलचं कॅमेऱ्यातलं चित्रण कायम ठेवलं जात नाही. म्हणून आजच महामार्ग प्राधिकरणाला आणि टोल चालवणाऱ्यांना लेखी पत्र द्या, नोंदी जपून ठेवायला सांगा, पोच घ्या. पुढे ट्रिब्युनलमार्फत समन्स काढून त्या मागवता येतात. १०३३ किंवा ११२ वर त्या ट्रकबद्दल कुणी आधीच फोन केला होता का, तेही याच पत्रात विचारा.

फिर्यादीचं काय करायचं? न वाचता सही झाली म्हणून तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दवाखान्याच्या दारात, त्या अवस्थेत, कन्नड वाचता न येणाऱ्या माणसाकडून दुसरं काय होणार? फिर्याद म्हणजे अंतिम शब्द नव्हे. चार्जशीट अजून गेली नसेल, तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या: फिर्याद देणाऱ्याला कन्नड येत नाही, मजकूर वाचून दाखवला नव्हता, ट्रक विनादिवे उभा होता, आमचा पुरवणी जबाब घ्या. अर्ज मराठीत लिहून सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, पोच घ्या आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने एसपी कार्यालयाला पाठवा. फिर्यादीची प्रत फुकट मिळणं हा फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. ती कन्नड जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळीओळीने समजून घ्या. फौजदारी केसमध्ये संशयापलीकडे पुरावा लागतो. क्लेममध्ये कुठली गोष्ट जास्त संभवनीय, एवढंच पाहतात. ट्रिब्युनल चार्जशीटला बांधील नसतं. कारमध्ये तिसरा कुणी बसला असेल तर त्याची साक्ष सोन्याची. नसेल तर मित्राला स्वतः साक्षीला उभं राहावं लागेल.

इथे एक सक्त सूचना. तुमच्याकडे कुणी ना कुणी येऊन सांगेलच की ड्रायव्हर दुसरा दाखवूया, किंवा दादा मोटारसायकलवर होता असं म्हणूया. ऐकू नका. विमा कंपन्यांचे तपासनीस दवाखान्याची पहिली नोंद आधी काढतात. पेशंटला कुणी आणलं आणि काय झालं म्हणून सांगितलं, त्या एका ओळीवरून खोटं उघडं पडतं. मग खरा क्लेमही जातो आणि वर गुन्हा दाखल होतो. ज्या घराचा कर्ता गेला, ते घर अशाने पुरतं बुडतं.

दवाखान्याच्या त्या नोंदीची प्रत तुम्हीही काढा. मृत्यू कोल्हापुरात झाला, त्यामुळे पोस्टमॉर्टेम आणि इन्क्वेस्टचे (मृतदेहाच्या पंचनाम्याचे) कागद तिकडच्या पोलिसांनी तयार करून, तवंदी घाट ज्यांच्या हद्दीत येतो त्या निपाणी पोलिसांकडे पाठवले असणार. या राज्याच्या हद्दीवर कागद रेंगाळतात. निष्काळजीपणाने मृत्यूचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ गुन्ह्यात वाढवलंय का, बघा. नसेल तर निपाणीच्या फायलीत अजून नुसता जखमीचा गुन्हा असेल आणि कंपनी म्हणेल की मृत्यूचा अपघाताशी संबंध काय. मृत्यूची नोंदही जिथे मृत्यू झाला तिथेच होते, तेव्हा दाखला कोल्हापूर महापालिकेचा मिळेल, खानापूरचा नाही.

आता त्या ५ लाखांबद्दल. हा आकडा हवेतून आलेला नाही. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी ५ लाखांची तरतूद आहे. जिथे चूक सिद्ध करणं अवघड आहे, किंवा मयताचं वय जास्त आणि मिळकत थोडी आहे, तिथे हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो. तुमच्या घरासाठी तो योग्य आहे का, हे हिशोबच सांगेल.

भरपाईचं गणित २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, या दोन निकालांवर चालतं. दादाचा पगार ओव्हरटाइम धरून महिना २४,००० होता असं धरू. वय ४० च्या आत आणि नोकरी कायम नसलेली, तर भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. झाले ३३,६००. नोकरी कायम असल्याचं सिद्ध झालं तर ५० टक्के. वर्षाचे ४,०३,२००. बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरले ३,०२,४००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. म्हणजे ४८,३८,४००. शिवाय सहवास गमावल्याबद्दल पत्नी, प्रत्येक मूल आणि आई-वडील यांना प्रत्येकी ४०,०००, अंत्यविधीसाठी १५,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीचे १५,०००, हे २०१७ चे आकडे. दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ. २०२३ ची वाढ धरली तर ते ४८,४०० आणि १८,१५० होतात. दोन दिवसांचा दवाखान्याचा खर्च वेगळा, मूळ बिलांवर. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज. आपल्याकडे ते बहुतेक वेळा ६ टक्के मिळतं.

हे आकडे म्हणजे तुम्हाला एवढं मिळेलच असं आश्वासन नव्हे. मी पगार धरून चाललोय, तो सिद्ध करावा लागतो. मिळकतीचा पुरावा नसेल तर इकडची कोर्टं लोकअदालतीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाने अपघाताच्या वर्षाप्रमाणे केलेला तक्ता बघतात. त्याप्रमाणे समजा १६,००० धरले, तर तीच रक्कम ३२,२५,६०० वर येते. १६ लाखांहून जास्त फरक, आणि तोही पगाराच्या कागदापायी! फाउंड्रीतून पगारपत्रकं घ्या, बँकेचं पासबुक, पीएफचा उतारा काढा. ओव्हरटाइम रोख देत असतील तर तेही विचारा. मालक तोंडी "देतो देतो" म्हणत राहिले तर हिशोबनिसाला वेतन रजिस्टरसह साक्षीला बोलावण्याचा समन्स निघतो. पगारातून पीएफ कापला जात होता म्हणून मिळकत कमी धरायची नसते. दादाच्या नावावर जमीन किंवा दूध असेल तर आर.टी.सी.चा उतारा (महाराष्ट्रातला सातबारा) आणि डेअरीचं कार्ड जोडा. जमीन मागे राहते, त्यामुळे शेतीचं सगळं उत्पन्न धरलं जात नाही, पण ती कसणारा माणूस गेला याची किंमत मांडता येते.

वयाचंही तसंच. आधारवर ३६ लिहिलं असेल तर गुणक १५ होतो आणि याच हिशोबात ३,०२,४०० कमी होतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला जास्त ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. मराठी शाळेतला दाखला किंवा एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्सकार्ड शोधा. सीमाभागात नावाचा घोळ जवळजवळ प्रत्येक फायलीत असतो: शाळेत परशराम, रेशन कार्डावर कन्नडमधून परशुराम, पोस्टमॉर्टेममध्ये तिसरंच काही. एक प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या कागदांची सांगड घालणारा वंशावळीचा दाखला, एवढ्याने ते मिटतं, पण अर्ज घालतानाच सगळी नावं "ऊर्फ" लावून लिहा.

क्लेमव्यतिरिक्तचे पैसेही बघा. पीएफ असेल तर ईडीएलआयमधून वारसांना ७ लाखांपर्यंत विम्याची रक्कम आणि वहिनींना पेन्शन मिळू शकते. दादाच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापल्याची नोंद दिसली तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत लगेच कळवा. एलआयसी, पीएफ मिळाला म्हणून क्लेमची भरपाई कमी होत नाही. १९९८ च्या हेलन रिबेलो निकालापासून हे ठरलेलं आहे.

कोर्ट कुठलं? "कोल्हापुरातच" हे चूक. अपघात झाला ती हद्द, तुम्ही राहता ती हद्द किंवा समोरचा पक्ष राहतो ती हद्द, यांतली निवड कलम १६६ (२) अर्जदाराला देतं. म्हणजे निपाणी, खानापूर आणि ट्रकमालक कोल्हापूरचा असेल तर कोल्हापूरही. कोल्हापूरची ओढ मी समजू शकतो. कामकाज मराठीत समजतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही तिथे आहे. इकडून अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातं. पण वहिनींना प्रत्येक तारखेला एवढा प्रवास, फाउंड्रीचा साक्षीदार बेळगावचा, तपास अधिकारी निपाणीचा, आणि पोलिसांचे कन्नड कागद तिकडे भाषांतर करून द्यावे लागणार. तुमच्या जागी मी खानापूर निवडलं असतं. कोल्हापुरात जवळचं कुणी राहत असेल आणि वहिनी माहेरी तिकडे जाणार असतील, तर वेगळा विचार करता येईल.

खानापुरात घातलं तरी भाषेची काळजी घ्यावी लागेलच. वहिनींचं शपथपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये होईल. त्यातलं वाक्य न वाक्य त्यांना मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको. उलटतपासात न कळलेल्या प्रश्नाला "हो" म्हणायचं नाही, प्रश्न पुन्हा समजावून मागायचा. "तुमचे पती घरी पैसे देत नव्हते ना?" यासारख्या प्रश्नावर घाबरून मान हलवलेली मी पाहिली आहे, आणि तेवढी मान पुढे निकालात येते.

ट्रकची कंपनी बहुधा म्हणेल की चालकाचं लायसन्स बरोबर नव्हतं, परमिट नव्हतं. त्याने खचू नका. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून अशा बऱ्याच प्रकरणांत कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला सांगतात आणि मग मालकाकडून वसूल करायला मोकळीक देतात. ट्रकचा विमाच संपलेला असेल तर मात्र परिस्थिती वेगळी. म्हणून परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर दोन्ही गाड्यांच्या विम्याची मुदत आजच बघा.

वकिलाबद्दल दोन शब्द. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांना नियमानेच मना आहे. दवाखान्यात किंवा घरी येऊन कोऱ्या कागदांवर, कोऱ्या चेकवर सह्या मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया आणि मुलांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. वहिनी अर्जदार आहेतच.

आणि घरातलं. पाचही जणांनी एकाच अर्जात या. वहिनी एकीकडे आणि सासू-सासरे दुसरीकडे असे दोन अर्ज झाले की कंपनीला आयतं कोलीत मिळतं आणि वर्षं जातात. वाटणी ट्रिब्युनल करतं, आईलाही हिस्सा मिळतो. वहिनींनी पुढे दुसरं लग्न केलं तर त्यांचा हक्क जाईल, असं कुणी घरात बोलत असेल तर ते थांबवा. न्यायालयांनी तो हक्क मान्य केलेला आहे, आणि त्या बाईवर असा दबाव कुणी आणू नये, असं मला मनापासून वाटतं.

मित्राशी समन्स जाण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन बोला. कोर्टाचा कागद अचानक हातात पडला की माणूस बिथरतो, दूर जातो, आणि तुम्हाला त्याची साक्ष हवी आहे. त्याला सांगा की त्याच्या विमा कंपनीला त्याने आजच लेखी कळवावं आणि समन्स आल्यावर गैरहजर राहू नये. ट्रकची चूक पुढे आणण्यात त्याचंही हित आहे, हे त्याला पटवून द्या.

लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून जाताना वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडून न्या. ट्रकविरुद्धचा पुरावा दुबळा असेल तर थोडं कमी घेऊन लवकर मोकळं होण्यात शहाणपण असतं. पुरावा भक्कम असेल तर दम धरा. निकालानंतर ३० दिवसांत कंपनीने पैसे जमा करायचे असतात, पण कंपनी धारवाडला अपिलात गेली तर वेळ वाढतो. रक्कम कमी वाटली तर अपिलासाठी तुम्हालाही ९० दिवस असतात. मुलांचा वाटा ती १८ वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, वहिनींच्या वाट्याचाही काही भाग ठेवीत टाकतात. शाळेची फी, आजारपण किंवा घराची डागडुजी यासाठी मुदतीआधी पैसे लागले तर त्याच ट्रिब्युनलकडे कागद जोडून अर्ज करायचा. खरी गरज दिसली की परवानगी मिळते.